अण्णांचा दुर्गाप्पा

गेल्या वर्षी एका सकाळी कडी वाजली म्हणून दार उघडलं, तर समोरच्या घरातले अण्णा कित्तूरकर उभे. हातात लोणच्याची रिकामी बरणी आणि बरणीच्या झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं.

"बाई, झुरळं आहेत काय हो तुमच्याकडे?"

शेजारी विरजण मागतात, कढीपत्ता मागतात, कुणाकडे पाहुणे आले तर आमच्या धारवाडच्या मळमड्डीत गाद्यासुद्धा मागून नेतात. झुरळं मागायला आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मी ताठ होऊन सांगितलं, "आमच्या घरात झुरळ नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"तसं कसं होईल की," म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावरून आत स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली. "बरं, सापडलं तर मारू नका. आणि स्प्रे मारलेलं आणून देऊ नका. मला जिवंत पाहिजे आणि तब्येतीचं पाहिजे."

"कशाला पाहिजे पण?"

"तेवढं सोडून बोला," अण्णा म्हणाले आणि बरणी काखेत मारून गेले.

हे 'तेवढं सोडून बोला' अण्णांच्या तोंडात कायमचं बसलेलं आहे. गुडघा कसा आहे, रात्री काय जेवलात, मुलगी कधी येणार, ज्याचं उत्तर द्यायचं नाही त्या प्रश्नापुढे ते हे वाक्य आडवं टाकतात आणि स्वतःच हवेबद्दल बोलायला लागतात. माणूस प्रश्न टाळतो तेव्हा त्या प्रश्नातच काहीतरी असतं, हे मला कुणी शिकवायला नको. मी सगळी नोकरी हायस्कुलात गणित शिकवलं. परीक्षेच्या हॉलमध्ये नुसत्या पाठीवरून कुठल्या मुलीच्या कंपासपेटीत चिठ्ठी आहे ते मी ओळखत असे. निवृत्त झाले तेव्हा हॉल गेला, डोळे थोडेच जाणार? ते आता समोरच्या घरावर असतात.

आमचे हे म्हणतात, "अगं, म्हातारा माणूस आहे, एकटा आहे. काहीतरी चाललेलं असतं त्यांचं." काहीतरी चाललेलं असतं, हेच तर मी म्हणत होते.

अण्णा म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनियर. उंच, पाठीत वाकलेले, बारा महिने गळ्याला मफलर. धारवाडची हवा अंगाला लागते म्हणून मफलर, असं ते सांगतात, पण जन्म याच हवेत गेला आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एक मुलगी, सुमेधा, आमची सुमी, माझीच विद्यार्थिनी. ती आधी बेंगळुरूला नोकरीला होती, आता परदेशात गेली म्हणून ऐकलं होतं. अण्णा स्वतः त्याबद्दल बोलत नसत.

पाणी हा अण्णांचा जुना विषय. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आलं की घरोघर धांदल उडते. त्या दिवशी अण्णा काठी घेऊन गल्लीत फिरायचे. कुणाची टाकी भरून वाहिली की खाली उभे राहून ओरडायचे, "पाणी कुणाच्या बापाचं आहे काय?" पद्मक्का, म्हणजे आमच्या शेजारच्या कानडी बाई, एकदा पाइप लावून अंगण धूत होत्या तर अण्णांनी सरळ जाऊन नळ बंद केला होता. असला माणूस. आणि गेल्या वर्षापासून ह्याच माणसानं दोन नवी पिंपं आणून भरायला सुरुवात केली. एकटा माणूस, दोन वेळचा भात, एक धोतर धुवायचं. इतकं पाणी जातं कुठे?

एवढंच असतं तर मी सोडून दिलं असतं. पण मागच्या खोलीच्या खिडकीला त्यांनी आतून जाड प्लास्टिक ठोकलं. प्लास्टिकमागे भर दिवसा निळसर पांढरा दिवा. काच सदा घामेजलेली. बंद खोली, दिवा, ओल, ऊब. बंद खोल्यांत लोक कसल्या कसल्या झाडांची लागवड करतात ते मी पेपरात वाचलेलं होतं. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "अण्णा आणि गांजा? त्यांना सुपारीनं ठसका लागतो."

मग सकाळी सकाळी अण्णा मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी काठीला बांधून केलगेरीच्या तळ्याकडे जायला लागले. येताना पिशवीत काहीतरी टुणटुण उडत असायचं. मग हुबळीहून मोटारसायकलवर एक माणूस यायला लागला. त्याच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं असायचं, खोक्यालाही भोकं. एकदा मी मुद्दाम फाटकापाशी केर काढत उभी राहिले. खोक्यातून किर्र किर्र आवाज येत होता. तो माणूस माझ्याकडे बघून हसला. सरळ माणसं अनोळखी बायकांकडे बघून उगीच हसत नाहीत.

आणि मग मी आवाज ऐकला.

गच्चीवर पापड वाळत घालत होते. समोरच्या मागच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, अगदी हळुवार. "दुर्गाप्पा, किती वेळ पाण्यात बसतोस रे? वर ये की आता." थोड्या वेळानं, "खा बघू. दोन दिवस झाले, काही खाल्लं नाहीस." आणि मग एकदम घाबरून, "दुर्गाप्पा! डोकं आपटू नको म्हणून किती वेळा सांगायचं? तोंड फुटलंय बघ, रक्त आलंय!"

मी पापड तसेच टाकून खाली आले. ह्यांना म्हटलं, "अण्णांनी माणूस कोंडून ठेवलाय."

"काय?"

"दुर्गाप्पा नावाचा. मागच्या खोलीत. पाण्यात बसवतात त्याला. तो भिंतीवर डोकं आपटतोय." आणि हे बोलता बोलता मला झुरळांची बरणी आठवली. "आणि खायला काय घालतात ते माहीत आहे तुम्हाला?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचित्र चेहरा केला. तो चेहरा भीतीचा नव्हता हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

पोलिसांत जाण्याआधी स्वतः बघावं म्हणून मी कोथिंबिरीच्या वड्या तळल्या. वड्यांची ताटली हातात असली की आमच्या गल्लीत कुठल्याही घरात मधल्या खोलीपर्यंत जाता येतं. मी पुढे, हे मागे. अण्णांनी दार अर्धंच उघडलं. "वड्या काय, ठेवून जावा की," म्हणाले. मी म्हटलं, "ताटली लगेच पाहिजे मला," आणि त्यांच्या बाजूनं आत शिरले. आतून पाण्यात काहीतरी पडल्याचा धबकन आवाज आला.

"कोण आहे आत, अण्णा?"

"तेवढं सोडून..."

मी मागचं दार ढकललं. खोलीत पावसाळ्यातल्या कोकणासारखा दमटपणा. एका भिंतीला काचेची मोठी पेटी, कपाटाएवढी. पेटीत पेरूची फांदी, खाली धुणं भिजवायचा निळा टब पाण्यानं भरलेला. टबातून एक हिरवंगार जनावर वर आलं आणि सावकाश फांदीवर चढलं. लांबी माझ्या हातापेक्षा जास्त, त्यातली अर्धी नुसती शेपटी. पाठीवर मानेपासून करवतीसारखे दाते, गळ्याखाली लोंबती पिवळसर कातडी. नाकाचं टोक सोललेलं. त्यानं एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुढचा एक हात हळूच वर उचलला.

"नमस्कार करतोय," अण्णा म्हणाले.

मी ओरडले. वड्या जमिनीवर गेल्या. हे मागून म्हणाले, "घोरपड!"

"घोरपड कशाला असेल हो? घोरपड पाळायला मी काय चोर आहे? परदेशातली जात आहे ही. पाण्यातला ड्रॅगन म्हणतात. सगळं रीतसर आहे." अण्णा खाली वाकून वड्या वेचायला लागले. "सुमीचा आहे. बेंगळुरूला तिनं पाळला होता. तिनं त्याचं नाव ड्रॅगो म्हणून ठेवलंय. मला ते जमत नाही, मी दुर्गाप्पा म्हणतो. त्याला चालतंय."

मग बाकीचं बाहेर आलं. गेल्या नागपंचमीला सुमी बेंगळुरूहून घरी आली होती ती मध्यरात्री, ही पेटी टेम्पोत घालूनच. आमच्या भागात पंचमी म्हणजे लेकींचा सण, कुठल्याही गावाला दिलेली मुलगी असो, माहेरी येणार, अंगणात बांधलेल्या झोक्यावर बसणार, तिळाचे, शेंगांचे लाडू खाणार. सुमीनं दोन दिवस झोका घेतला, लाडू खाल्ले आणि जाताना म्हणाली, "अप्पा, मला ऑस्ट्रेलियात नोकरी लागली आहे. याला सांभाळा. पुढच्या पंचमीला येते, तेव्हा बघू." आणि गेली.

दिवा उन्हासाठी होता. ओल त्याला लागते म्हणून खिडकीला प्लास्टिक. तळ्याकडून आणायचे ते त्याच्यासाठी नाकतोडे. खोक्यातले किडे आणणारा तो फकीरप्पा, हुबळीला कमरीपेठेत त्याचं मासे-पक्ष्यांचं दुकान. काच म्हणजे काय हे त्या जनावराला कळत नाही, पलीकडे जायला म्हणून ते तोंड आपटतं, त्यासाठी अण्णांनी काचेला खालून जुन्या धोतराची पट्टी चिकटवली होती. पाण्यातच घाण करतो म्हणून टब रोज रिकामा करायचा. ज्यानं गल्लीत कुणाला एक बादली वाया घालवू दिली नाही तो माणूस रोज एक टब पाणी टाकत होता. टाकत होता म्हणजे जास्वंदीला घालत होता, पण तरी.

एवढ्यानं कुणाचंही समाधान झालं असतं. माझं झालं नाही. कारण मला आणखी एक गोष्ट माहीत होती. सुमी सातवीत असताना एकदा दप्तरात मांजराचं पिल्लू लपवून शाळेत आली होती. घरी ठेवलं तर अप्पा टाकून देतील, म्हणून रडत होती. अण्णांनी त्याच संध्याकाळी ते पिल्लू केलगेरीच्या रस्त्याला सोडून दिलं होतं. घरात केस पडतात म्हणून! असल्या माणसाला म्हातारपणी पालीचा एवढा पुळका? लेकीचं आहे म्हणून चार दिवस सांभाळेल, समजू शकतं. पण हे महाशय इस्त्रीच्या पाण्याची बाटली घेऊन त्याच्या अंगावर फवारा मारत बसतात, किड्यांना कॅल्शियमची पूड लावून भरवतात, स्वतःची गुडघ्याची गोळी विसरतात. काहीतरी वेगळं होतं. मी ठरवलं, लक्ष ठेवायचं.

लक्ष ठेवलं तर सापडतंच. एक दिवस फकीरप्पा फाटकात उभा राहून अण्णांना समजावत होता. "कोट्ट बिडरी, अण्णार." देऊन टाका म्हणत होता. त्याच्या दुकानात मोठा हौद आहे, असलाच आणखी एक आहे, जोडी होईल, तुमच्या मागची कटकट जाईल. अण्णा फाटकाच्या या बाजूला काठी आडवी धरून उभे. "कोडूदिल्ल," नाही देणार, एवढंच म्हणाले आणि आत गेले.

आणि त्याच संध्याकाळी मी ताटली परत न्यायला गेले तर अण्णा फोनवर बोलत होते. फोन त्यांनी तोंडासमोर आरशासारखा धरलेला, त्यात सुमी. "नाही गं. सगळ्यांना विचारून बघितलं. कुणी घेतच नाही."

मी दारातच थांबले. खोटं! डोळ्यांदेखत, ढळढळीत खोटं. मला बघून अण्णांनी फोन छातीशी धरला. सुमी आतून "अप्पा? अप्पा?" करत होती. "रेंज गेली," अण्णा तिला म्हणाले आणि फोन बंद केला. रेंज अजिबात गेली नव्हती.

"कोण घेत नाही, अण्णा? फकीरप्पा तर दारात उभा होता."

"तेवढं सोडून बोला, बाई. थंडी पडायला लागली की नाही?"

श्रावण सुरू होता. थंडीचं नाव नव्हतं.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं की अण्णा त्या जनावरावर टपून आहेत, नक्कीच त्याची किंमत मोठी असणार, लेकीला अंधारात ठेवून पुढेमागे विकतील. हे म्हणाले, "मग आता फकीरप्पाला का नाही विकलं?" मी म्हटलं, "भाव वाढायची वाट बघत असतील." ह्यावर ह्यांनी पेपर उघडला. बरीच वर्षं माझ्याबरोबर काढल्यामुळे कुठे गप्प बसायचं ते त्यांना बरोबर कळतं.

पंचमी आली. अण्णांनी चार दिवस आधीच आंब्याच्या फांदीला झोका बांधला. दोर नवा आणला, बसायची फळी तासून घेतली, स्वतः बसून बघितली. पद्मक्कांकडे शेंगांचे लाडू सांगून ठेवले. पण पंचमीच्या आदल्या दिवशीपर्यंत कुठलीही टॅक्सी आली नाही. पंचमीला सकाळी झोका रिकामा हलत होता आणि अण्णा पायरीवर मफलर गुंडाळून बसले होते.

आता आमच्याकडे पंचमीला नागाला दूध घालतात ते नुसतं घालत नाहीत, नाव घेऊन घालतात. देवाचा वाटा, गुरूचा वाटा, मग आईचा, बापाचा, भावाचा, मुलाबाळांचा. जे घरात नाहीत त्यांचाही. पद्मक्का आणि चारपाच बायका वारुळाकडून परतत होत्या. वाटीत दूध शिल्लक होतं. पद्मक्कांना काय सुचलं देव जाणे. "अण्णार, तुमच्या घरातला पण त्याच कुळातला की. पायवाला आहे एवढंच," म्हणत त्या थेट मागच्या खोलीत गेल्या. मला वाटलं, आता अण्णा काठी काढणार. टबातल्या पाण्याला बोट लावू देत नाहीत, नळाचं पाणीसुद्धा एक दिवस उन्हात ठेवून मग ओततात.

अण्णांनी काठी काढली नाही. पेटीचं झाकण स्वतः उघडलं. पद्मक्का पळीनं टबात दूध घालत म्हणाल्या, "देवर पालु, गुरुविन पालु, अप्पन पालु..." आणि वाटी खरवडून संपवणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "थांबा हो. मला द्या." त्यांनी वाटी घेतली आणि उरलेलं सगळं दूध टबात ओतलं. "सुमीचा वाटा," म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. दुर्गाप्पा फांदीवरून हे सगळं बघत होता. मग खाली उतरून दुधाच्या पाण्यात बसला.

मी तिथंच होते.  बायका हळद लावत होत्या, हसत होत्या, आणि अण्णांचा चेहरा असा झाला होता की त्यांना पाणी बदला म्हणून सांगायला माझी जीभ उचलली नाही.

पुढच्या दोन दिवसांत दुर्गाप्पाचा रंग गेला. हिरवा होता तो तपकिरी, काळपट दिसायला लागला. फांदीवर चढेना. कोपऱ्यात डोळे मिटून पडून राहिला. किडे त्याच्या नाकासमोरून चालत गेले तरी बघेना. अण्णांनी टब घासून घासून धुतला, कोमट पाणी भरलं, त्यात त्याला हातानं धरून बसवलं. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चांगले गृहस्थ, त्यांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "कित्तूरकर, मी म्हशी बघतो." तरी थोडंफार औषध दिलं आणि सांगितलं, दूध त्याला पचत नाही, ऊब ठेवा, खायला लागला तर जगेल.

फकीरप्पाला कळलं तसा तो खोकं घेऊन आला. अण्णा पेटीसमोर पाटावर बसले होते. दाढी वाढलेली, मफलर नाही. बिनमफलरचे अण्णा मी पहिल्यांदा बघितले, मान किती बारीक झाली होती. फकीरप्पा म्हणाला, माझ्याकडे द्या, हौद आहे, आणखी एकाच्या संगतीनं खायला लागेल. खरंच बोलत होता. अण्णांनी झाकणाला हात लावला, काढला, परत लावला.

"द्या ना, अण्णा," मी म्हटलं. "जगेल तरी."

"जगेल की," अण्णा म्हणाले. "आणि मग सुमी कशाला येईल?"

मला कळलं नाही. मी तसंच विचारलं.

"बाई, तिनं पेटी ठेवली असती, कपडे ठेवले असते, पुस्तकं ठेवली असती, तर तिनं फोन केला असता, अप्पा, कुरिअरनं पाठवून द्या. हा जीव आहे. जीव कुरिअरनं जात नाही. याच्यासाठी यायलाच पाहिजे." ते पेटीकडे बघत बोलत होते. "गेल्या महिन्यात म्हणाली, अप्पा, देऊन टाका कुणाला तरी, इथं बागेत असले कितीतरी फिरतात, बाकाखाली येऊन बसतात, मला त्याची काही गरज नाही. मी म्हटलं, कुणी घेत नाही. काय म्हणणार दुसरं? लहान असताना तिचं मांजर सोडून आलो होतो मी. परत आलो तर पोरगी दारात बसलेली. बोलली नाही चार दिवस. आता हा पण नाही म्हटल्यावर ती या घरात कशाला येईल हो? माझ्यासाठी?"

फकीरप्पा खोकं घेऊन उभा होता. त्याला मराठी सगळं कळत नसावं, पण तो खाली बघत होता. मी त्याला म्हटलं, "दोन दिवस थांब रे बाबा." तो गेला.

घरी आले तेव्हा मी रडत होते आणि मला माझाच राग आला होता. ह्यांना सगळं सांगितलं. "तो खायला लागला पाहिजे. अण्णा म्हणतात, झुरळ असलं तर तो सोडत नाही, त्याचा जीव आहे झुरळावर. आता ह्या घरात मेलं एक झुरळ नाही!"

हे उठले. मोरीत गेले, मागच्या बाजूची फरशी उचलली आणि हाक मारली. मी जाऊन बघितलं. फरशीखाली झुरळंच झुरळं, तुकतुकीत, तब्येतीची. "तू स्प्रे मारतेस म्हणून मी ह्यांना इथं ठेवतो," हे म्हणाले. "ते बरणी घेऊन आले त्या दिवसापासून, वर्षभर अण्णांना मीच देतोय. मी कधी विचारलं नाही, कशाला. तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस."

म्हणजे पाठीवरून चिठ्ठी ओळखणारी मी, आणि माझ्याच मोरीत वर्षभर हा कारखाना! त्यावर बोलायला मला नंतर पुष्कळ वेळ मिळाला, तेव्हा मात्र मी बरणी घेतली.

दुर्गाप्पानं पहिल्यांदा बघितलंच नाही. झुरळ त्याच्या पंजावरून चाललं. अण्णा श्वास रोखून बसले होते, हे दारात, मी अण्णांच्या मागे. मग त्या मिटलेल्या डोळ्याला एक फट पडली. मान थोडी वळली. आणि पटकन जीभ आली, गेली, झुरळ नाही.  अण्णांनी माझा हात पकडला आणि सोडायचं विसरले.

त्यानंतर रंग परत यायला लागला. आधी पोटाकडून, मग पाठीकडून. फांदीवर चढला तेव्हा अण्णांनी आम्हाला हाका मारून बोलावलं. आम्ही तिथं असतानाच सुमीचा फोन आला. नेहमीसारखा समोर धरून अण्णा बोलायला लागले, आणि सुमीनं मागे मला बघितलं.

"बाई! बरं झालं तुम्ही आहात. अप्पा, बाईंना द्या ना जरा."

अण्णांनी फोन माझ्या हातात दिला. देताना माझ्याकडे बघितलं. परीक्षेच्या हॉलमध्ये पकडलेली मुलगी बघते, तसं.

"बाई, तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुम्हाला विचारते," सुमी म्हणाली. "ड्रॅगोला खरंच कुणी घेत नाही? धारवाड-हुबळीत एक माणूस मिळत नाही? अप्पांना किती त्रास होतोय, आणि ते मला सांगत नाहीत. तुम्ही खरं सांगा."

अण्णांनी तोंड फिरवलं होतं. दुर्गाप्पानं फांदीवरून एक हात वर केला. मी सगळी नोकरी मुलींना सांगितलं, उत्तर चुकलं तर चालेल, चोरायचं नाही.

"अगं, ती पाल कोण घेणार बाई?" मी म्हटलं. "लोक घाबरून पळतात. पद्मक्का तर फाटकात पाय टाकत नाहीत. पुष्कळ विचारून झालं, मीच विचारलं सगळ्यांना. तुझ्याशिवाय तो कुणाकडे राहायचा नाही. तुलाच येऊन काय ते बघावं लागेल."

पलीकडे सुमीनं माझ्याकडे निरखून बघितलं. क्षणभर मला वाटलं, पकडलं हिनं. मीच शिकवलेली मुलगी ती. पण ती म्हणाली, "मग असं करते, दिवाळीत रजा मिळते का बघते. येतेच. अप्पांना सांगा."

"तूच सांग," म्हणून मी फोन परत दिला.

अण्णा फोनमध्ये म्हणाले, "हां. हां. बरं. तेवढं सोडून बोल, जेवलीस काय?" आणि फोन ठेवून इस्त्रीच्या पाण्याची बाटली उचलली, दुर्गाप्पावर फवारा मारायला लागले. निम्मा फवारा त्यांच्याच चष्म्यावर येत होता. चष्मा पुसायची त्यांना काही घाई दिसली नाही.

"बाई," पाठमोरेच म्हणाले, "तुम्ही सुमीला..."

"अण्णा, तेवढं सोडून बोला," मी म्हटलं.

निघताना अंगणात आले. पंचमी होऊन इतके दिवस झाले होते, सगळ्या गल्लीतले झोके कधीच उतरले होते. अण्णांचा आंब्याला तसाच लोंबत होता.

"झोका सोडायचा राहिलाय की, अण्णा," मी म्हटलं.

"असू दे हो," ते दारातून म्हणाले. "दिवाळीला लागेल."

आमच्याकडे दिवाळीला कुणी झोका बांधत नाही. कुणाचं काही चुकलं की मला ते तिथल्या तिथं दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. मी फाटक लावून घेतलं आणि घरी आले.